आखाजीचं ताट आणि जुनी खाट

आयाबहिणींनो, भाऊ हो, बसा. मागच्या बाजूला ऊन लागत असेल तर पुढे सरका. सावलीत या.

आखाजी आता आठ दिवसांवर आली आहे. आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे मोठा सण. लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात. ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतलेली असतात. आणि आखाजी झाली की लग्नांची गर्दी सुरू होते. म्हणजे घरात पाहुणे येणार. पाहुणा आला की घरच्या बाईला दोन काळज्या पडतात. त्याला बसवायचं कशावर? आणि इतक्या उन्हात त्याच्या ताटात वाढायचं काय?

आज आम्ही या दोन काळज्यांवरच बोलणार आहोत. दोन्हींवरचे उपाय स्वस्त आहेत. पण स्वस्त गोष्ट नीट पारखून घ्यावी लागते. तेवढं मात्र लक्ष देऊन ऐका.

आधी ताटाचं बोलू.

चैत्र-वैशाखात आपल्या नंदुरबार जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा उन्हात अन्न गोड लागत नाही. बाई सकाळी भाकरी थापते. सोबत ठेचा असतो, कधी डाळ असते. गडी भाकरी-ठेचा खातो, वर पाणी पितो आणि कामाला जातो. पोट भरलं खरं. पण ताटात हिरवं काय होतं? काही नाही. रोज असंच चाललं तर अंगात रक्त कमी होतं. बायांना चक्कर येते. पोरं किरकिर करतात.

यावर एक साधी गोष्ट करता येते. रोज ताटात एक कोशिंबीर असू द्या. आपल्याकडे कोणी तिला कचुंबर म्हणतं. नाव काही का असेना. कच्चं, ताजं, चिरलेलं आणि वर लिंबू पिळलेलं, एवढं असलं की झालं.

लिंबूच का? ज्वारी-बाजरीत आणि पालेभाजीत लोह असतं. लोहानं रक्त तयार होतं. पण धान्यातलं आणि भाजीतलं लोह अंगाला लवकर लागत नाही. सोबत लिंबू, कैरी, टमाटा असं आंबट काही खाल्लं तर ते जास्त लागतं. या आंबट फळांत ‘सी’ जीवनसत्त्व असतं. ते आचेवर टिकत नाही. म्हणून लिंबू उकळत्या भाजीत पिळायचं नाही, ताटात पिळायचं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोहाला अडवतो. तास-दीड तास जाऊ द्या.

आता कोशिंबीर कशाची करायची?

कांदा आणि कैरी सगळ्यांना ठाऊक आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे या दिवसांत घरोघरी कैऱ्या चिरून वाळत घालतात. त्याचा आमचूर होतो. तो व्यापाऱ्याला जातो. त्यातल्या दोन कैऱ्या घरासाठी बाजूला ठेवा. कैरी किसा. कांदा बारीक चिरा. थोडा गूळ, थोडं मीठ घाला आणि हातानं कालवा. तेल घातलं नाही तरी चालतं.

काकडी घ्या. पण चिरण्याआधी प्रत्येक काकडीचा तुकडा जिभेला लावून बघा. फार कडू लागली तर टाकून द्या. गूळ-मीठ घालून कडूपणा झाकू नका. दुधी, दोडकी, काकडी या वर्गातलं फार कडू फळ पोटाला बाधतं. उलट्या-जुलाब होतात. चांगली काकडी बारीक चोचवा. दाण्याचं कूट, मीठ, लिंबू घाला. वर मोहरी-हिंगाची फोडणी द्या. ज्यांच्या घरी दुभतं आहे त्यांनी दही घालावं. नसेल त्यांनी दाण्याच्या कुटावर भागवावं. चव कमी पडत नाही.

फोडणीत मिरची किती घालायची? नंदुरबारच्या माणसाला हे विचारणंच चूक. हिवाळ्यात आपल्या शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचा गालिचा पसरलेला असतो. शिंकत शिंकतच आपण लहानाचे मोठे झालो. तरी उन्हाळ्यात हात थोडा आखडता घ्या.

टरबूज आपण खातो. लाल भाग खातो आणि साल ढोरांपुढे टाकतो. ढोरांना द्या, पण थोडं घरालाही ठेवा. लाल भाग आणि हिरवी साल यांच्यामध्ये पांढरा गर असतो. तो किसा. त्यात मीठ, लिंबू, दाण्याचं कूट घाला. काकडीच खातोय असं वाटतं. फक्त टरबूज कापण्याआधी वरून धुऊन घ्या. साल मातीत लोळलेली असते. सुरी फिरली की ती माती आत जाते.

मूग भिजवा, फडक्यात बांधा, मोड येऊ द्या. मोड आलेले मूग पोटाला हलके. पण उन्हाळ्यात मोडांवर जंतूही लवकर वाढतात. म्हणून लहान पोरांना आणि गरोदर बाईला मूग वाफवूनच द्यावे. शहादा भागात पपई भरपूर होते. पिकली पपई सगळ्यांनी खावी. कच्च्या पपईची कोशिंबीरही होते, पण कच्च्या पपईत चीक असतो. गरोदर बाईनं ती खाऊ नये.

एक गोष्ट आम्ही पुन्हा सांगू. कोशिंबीर शिजत नाही. म्हणजे तिच्यातली घाण आगीत जळत नाही. पाणी चांगलं नसेल तर कोशिंबीर औषध न होता दुखणं होते. भाजी धुवायला उकळून गार केलेलं किंवा औषध टाकलेलं पाणी घ्या. हात साबणानं धुवा. जेवढी लागेल तेवढीच चिरा. मीठ आणि लिंबू जेवायला बसतानाच घाला. नाही तर पाणी सुटतं. सकाळची कोशिंबीर रात्री खाऊ नका.

आणखी एक. कोशिंबिरीनं अंगाला पाणी मिळतं. म्हणून ती उन्हाच्या झटक्यावरचा इलाज होत नाही. माणसाचं अंग तापलं, तो बरळायला लागला, भान हरपलं, तर त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. आणि ताबडतोब दवाखान्यात पोहोचवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आपल्या भागात सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे. त्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या दुखण्याची कळ उठते. त्याला उन्हाळ्यात घोट घोट पाणी सारखं देत राहा. आणि रक्तवाढीच्या गोळ्या त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बरं, ताट झालं. आता पाहुण्याला बसवायचं कशावर?

इथं आम्हाला एक हकिकत सांगायची आहे. शहाद्याच्या बाजूच्या एका गावातली आहे. नाव सांगत नाही. त्या घरी मुलाचं लग्न निघालं. सोयरे येणार, घर दिसलं पाहिजे, असं सगळ्यांच्या मनानं घेतलं. नवं लोखंडी कपाट आणलं. नवा सोफा आणला. नवा पलंग आणला. पैसे कुठून आणले? मुकादमाकडून उचल घेतली. दर साली घ्यायचे त्याच्या दुप्पट. लग्न थाटात झालं. दिवाळी झाली आणि उचल फेडायला सगळं घर ऊसतोडीला गेलं. आधी नवरा-बायको दोघंच जात. म्हातारी पोरांपाशी राही. त्या साली सातवीतल्या मुलीलाही नेलं. दोन हात जास्त लागत होते ना. मुलीची शाळा तिथंच सुटली. सोफा घरात कुलूपबंद होता. सहा महिन्यांनी येऊन बघतात तर उंदरांनी त्यात घर केलेलं.

आम्ही त्या बापाला हसत नाही. त्याचं दुःख आम्हाला कळतं. तो आम्हाला म्हणाला, “गुरुजी, जुनं आणलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती.” खरं आहे. लोक नावं ठेवतात. पण उचल फेडायला लोक येत नाहीत.

आणि जुनं घेण्यात लाज कसली? गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंग नावाचं ठिकाण आहे. समुद्रकाठी आहे. १९८३ सालापासून तिथं जगभरची म्हातारी जहाजं तोडतात. जहाजावर माणसं राहतात. त्यामुळे आत खाटा असतात, कपाटं असतात, खुर्च्या, ताटल्या, आरसे, सगळं असतं. ते काढून रस्त्याच्या कडेला दुकानांत मांडतात. तिथं गाड्या घेऊन शहरातली माणसं येतात. चांगली पैसेवाली माणसं. परदेशी खलाशाची जुनी खुर्ची हौसेनं घरी नेतात. मुंबईला चोरबाजार आहे, पुण्याला जुना बाजार आहे. तिथंही हीच गर्दी. शहरवाल्यानं जुनं घेतलं तर ती हौस, आणि आपण घेतलं तर ती गरिबी? हा कुठला न्याय?

आपल्याला अलंगला जायची गरज नाही. आपली माणसं सुरतेला कामाला जातात. नवापूरवरून गाडी जाते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. सुरतेत कोणी घर बदललं की जुनी खाट, जुनं कपाट कमी भावात मिळतं. चार घरं मिळून एक टेम्पो केला तर भाडं वाटून जातं. नंदुरबारात, शहाद्यातही जुना माल विकणारे आहेत. पण घेताना डोळे उघडे ठेवा.

आम्ही स्वतः एकदा डोळे मिटून खाट घेतली. आमच्या वर्गाच्या खोलीसाठी घेतली. सागाची, दणकट, स्वस्त. विकणारा म्हणाला, साहेबाच्या बंगल्यातली आहे. आम्ही खूश झालो. पहिल्या रात्री आमच्यातले एक जण तिच्यावर झोपले. रात्री दोन वाजता उठून ओसरीत जाऊन बसले. सकाळी बघतो तर पाठ लाल झालेली. खाटेच्या सांध्यासांध्यांत ढेकूण. साहेबाच्या बंगल्यातले ढेकूणसुद्धा आपल्या ढेकणांसारखेच चावतात, एवढं ज्ञान आम्हाला मिळालं.

म्हणून आता आम्ही काय करतो ते ऐका. खाट उन्हात उलटी करतो. सांधे, खिळ्यांची भोकं, निवारीच्या घड्या बघतो. काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत असं समजतो. लाकडावर बोटानं ठोकतो. पोकळ वाजलं, खाली पिठासारखा भुगा पडला, तर भुंगा लागला आहे. ती खाट घेत नाही. चारी पाय जमिनीवर टेकतात का, हलवल्यावर कुरकुरते का, तेही बघतो. खाट आवडली आणि ढेकूण थोडे असले तर घेतो, पण घरात नेत नाही. अंगणातच ठेवतो. निवार किंवा सुतळी काढून जाळून टाकतो. सांध्यांत उकळतं पाणी ओततो. मग कडक उन्हात वाळवतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तसंच करतो. कारण पहिल्या पाण्यातून अंडी वाचली तर त्यांतून पिल्लं निघतात. दुसऱ्या खेपेला ती मरतात. मग नवी निवार. वापरलेली गादी मात्र आम्ही कधीच घेत नाही. तिच्या आत काय आहे ते उन्हालाही दिसत नाही.

आता नीट ऐका. ढेकूण मारायला कापसावरचं, मिरचीवरचं औषध खाटेवर फवारू नका. कधीही नाही. ते शेतातलं विष आहे. ज्या खाटेवर आपण रात्रभर श्वास घेतो, जिच्यावर तान्हं पोर तोंड घासतं, तिच्यावर ते टाकायचं नसतं.

तेच त्या औषधाच्या रिकाम्या डब्याचं. डबा दिसायला छान असतो. झाकण घट्ट बसतं. कोणी त्यात पाणी नेतं, कोणी तेल, कोणी डाळ ठेवतं. कोणी त्यात तुळस लावून दाराशी ठेवतं. मंडळी, डबा सात वेळा धुतला तरी विष पूर्ण जात नाही. ते प्लास्टिकात मुरलेलं असतं. बाजारात कोणी असला डबा जुना म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

तो ओळखायचा कसा? आता तुम्हाला वाचता येतं. डब्यावरची अक्षरं वाचा. अक्षरं पुसट असली तर चित्र बघा. टोकावर उभी केलेली एक चौकट असते. तिचे दोन भाग असतात. खालच्या भागाचा रंग बघा. लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल विष. वर कवटीचं चित्रही असतं. पिवळा त्याच्या खालोखाल. निळा मध्यम. हिरवा त्या मानानं कमी, पण हिरवा म्हणजे चांगला असं समजू नका. ही चौकट असलेला कुठलाही डबा घरात आणायचा नाही. आपल्या शेतातला डबा रिकामा झाला की फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओता. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे तो कोणाच्या स्वयंपाकघरात जाणार नाही.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात सांगतो. जुनं लोखंडी कपाट घेताना तळ बघा. गंज तळातून चढतो. घरी आणल्यावर ते तारेनं भिंतीला किंवा खांबाला बांधा. पोरं कप्प्यांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं. उन्हात फिकी पडलेली प्लास्टिकची खुर्ची पाहुण्याला देऊ नका. पाय मोडला तर खुर्चीचा मोडेल तसा पाहुण्याचाही मोडेल. जुन्या लाकडावरचा रंग कोरडा खरवडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ पोरांना वाईट. ओला करून खरवडा, पोरांना लांब ठेवा.

जुना कूलर घेणार असाल तर आधी वायरमनला दाखवा. पत्र्याच्या कूलरमध्ये वीजही असते आणि पाणीही असतं. तीन पायांचा प्लग हवा. त्यातला जाड पाय जमिनीच्या तारेचा. ती तार घरात खरोखर जोडलेली आहे का, ते बघून घ्या. पाणी भरताना बटण बंद करा, प्लगही काढा. आकडा टाकून कूलर चालवू नका. एका हाताचा गारवा घेताना माणूस हातचा जातो.

माठ मात्र जुना घेऊ नका. हसू नका, खरंच सांगतो. माठाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्यानं सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. जुन्या माठाची छिद्रं क्षारानं बुजतात. मग तो नुसता मडक्यासारखा उभा राहतो. म्हणून माठ नवा घ्या आणि त्याला बाहेरून रंग लावू नका.

हीच युक्ती खिडकीला करता येते. धान्याचं जुनं गोणपाट धुऊन घ्या. खिडकीवर टांगा. दुपारी त्यावर पाणी शिंपडा. वारा आत येताना गार होतो. खताचं, औषधाचं पोतं मात्र नको.

घर सजवायला दुसरं काय लागतं? जुन्या लुगड्याचे काठ उसवून ठेवा. त्यांचं तोरण होतं. सुती लुगड्यांची गोधडी शिवा आणि ती खाटेवर घाला. सोफ्याची आठवण येत नाही. सुरतेहून कापडाचे तुकडे वजनावर मिळतात. रंग छान असतात. त्यांचे पडदे करा, पण चुलीजवळ लावू नका. ते कापड पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलीच्या बाजूला सुतीच कापड, तेही लांब. नवापूरच्या बाजूला कोटवालिया लोक बांबूची सुपं, टोपल्या विणतात. एक टोपली नवी घ्या. त्यांच्या हाताला काम मिळतं आणि आपल्या घराला शोभा येते. कुडाची भिंत शेणामातीनं सारवून वर चुना दिला तर खोलीत उजेड वाढतो. कॅलेंडरचं चित्र लावा. आता पोरांसारखं तुम्हीही त्यावरच्या तारखा वाचू शकता.

शेवटची गोष्ट पावतीची. जुनी वस्तू घेताना कागद मागा. कागदावर विकणाऱ्याचं नाव, गाव, वस्तू, रक्कम आणि तारीख लिहून घ्या. उद्या ती वस्तू चोरीची निघाली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात. मागच्या साली आपल्यातल्याच एका बाईनं कपाट घेतलं. विकणारा म्हणाला, “मावशी, अंगठा करा.” मावशी म्हणाल्या, “थांब. आधी वाचते.” वाचलं तर ठरल्यापेक्षा ३०० रुपये जास्त लिहिलेले. खोडायला लावले. मग सही केली. तीन अक्षरं आहेत त्यांच्या नावाची. ती लिहायला त्यांना बराच वेळ लागला. विकणारा ताटकळत उभा होता.

त्या मावशी आज इथं बसल्या आहेत. मान खाली घालू नका मावशी.

बरं. आता बोलणं पुरे. या परातीत १० काकड्या, ८ कांदे, कैऱ्या आणि लिंबं आहेत. पाणी उकळून गार केलेलं आहे, तो हंडा तिकडं. पुरुष मंडळींनी उठायचं नाही. आज कांदे तुम्ही चिरायचे आहेत. साबण खिडकीत ठेवला आहे. आधी हात धुऊन या.